काका, तो शब्द मी अर्धा वाचला

काका, तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. तेव्हापासून मी वर काकूंकडे गेलेले नाही. कॉलेजला जाताना जिन्यापाशी चप्पल हातात घेते, आवाज होऊ नये म्हणून. आईला वाटतं, वर गेलं की मला रडू येईल म्हणून मी टाळते. रडू येत नाही, काका. मला भीती वाटते.

कसली, ते आधी तुम्हाला सांगायचं आहे. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दवाखान्याचा कागद वाचायला दिलात. त्यातला एक शब्द मी अर्धा वाचला. चुकून नाही, जाणून. त्या अर्ध्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही अकोट्याला तुमच्या भावाकडे, अण्णांकडे गेला नाहीत, आणि आता जाणार नाही. पुढे अक्षर बिघडलं तर समजून घ्या. तुम्ही आमच्या वह्यांत नेहमी शिसपेन्सिलीनेच खुणा करायचात. म्हणायचात, चूक सुधारली की खूण खोडता आली पाहिजे.

मला आपली पहिली भेट आठवते. म्हणजे तशी मी जन्मापासून तुमच्या खालच्या खोल्यांत राहते, पण खरी भेट ती. कॉलेजचा पहिला आठवडा होता. मराठी शाळेतून गेलेली मी, तासाला बाई इंग्रजीत काय बोलतात त्यातलं काही कळत नव्हतं. घरी विचारावं असं कोणी नाही. बाबा खोक्यांच्या कारखान्यात, आई साड्यांना फॉल लावते, दोघंही सातवीच्या पुढे गेलेले नाहीत. मी दारापुढच्या ओटल्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन आलात.

"किती शब्द येत नाहीत?"

"सगळे."

"सगळे कसे येत नाहीत? एक दाखव."

मी बोट ठेवलं. ट्रान्सपोर्टेशन. तुम्ही हसलात. "हा तर आमच्या खात्यातला!"

तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतात. ओटल्यावर पिशवी ठेवलीत आणि त्या शब्दाचे तुकडे केलेत. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, म्हणून स्टेशनवरच्या हमालाला पोर्टर म्हणतात. ट्रान्स म्हणजे पलीकडे. इम्पोर्ट, आत वाहून आणायचं. एक्स्पोर्ट, बाहेर न्यायचं. सपोर्ट, खालून उचलून धरायचं. "आणि रिपोर्ट?" मी विचारलं. "रे म्हणजे परत. जिथे जे घडलं ते उचलून परत आणून पोचवायचं. आमच्याकडे पार्सल फोडून अर्धा माल काढला तर नोकरी जायची," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा हसले होते.

मग दर रविवारी सकाळचा आपला वर्ग सुरू झाला. आधी मी एकटी, मग पोळातली, आपल्या या अरुंद गल्लीतली, सात-आठ मुलं. लॅटिन कुठल्या देशाची भाषा ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण तिचे उपसर्ग आम्ही पायांनी शिकलो. तुम्ही 'प्रो' म्हणालात की एक पाऊल पुढे. 'रे' म्हणालात की एक मागे. 'एक्स' म्हणालात की उंबऱ्याबाहेर, 'इन' की आत, 'सब' की टेबलाखाली, आणि 'ट्रान्स' म्हणालात की सगळ्यांनी बोळ ओलांडून समोरच्या भावनाबेनच्या ओटल्यावर. त्या ओरडायच्या, "काका, छोकरांने भणावो छो के कूदावो छो?" मुलांना शिकवता की उड्या मारायला लावता, असं. तुम्ही म्हणायचात, "बेन, बन्ने!" दोन्ही. शेवटी काकूंच्या हातची शेव-उसळ.

तुम्ही म्हणायचात, घाबरायचं काही नाही, हे आपल्याकडेही आहे. आहार, विहार, प्रहार, संहार; हार तोच, आधीचं अक्षर बदललं की एक जेवतो आणि दुसरा मरतो. 'इन' तुमचा आवडता होता, 'आत'वाला नव्हे, दुसरा, 'नाही'वाला, कारण तो कपडे बदलायचा. कुठे इम्, कुठे इल्, र समोर आला की इर्. "वेष कुठलाही घेऊ दे, शब्दाच्या दारात उभा राहून 'नाही' म्हणायचं काम करतो. त्याला ओळखायला चुकलात तर अख्खा शब्द उलटा कळेल." हे मी पुढे लहान मुलांना शिकवलं, तुमच्यासमोर. तुम्ही मान डोलावलीत. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी कुणालाच म्हणू शकत नाही.

तुमच्यामुळे मी दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्यामुळे मी आमच्या पोळाची वाचणारी झाले. गॅसचा फॉर्म, शाळेची नोटीस, बाबांच्या कारखान्याचा कागद, कुणाचंही काहीही आलं की माझ्या हातात. किती अभिमान वाटायचा मला! आपण जे मोठ्याने वाचू तेच समोरच्यासाठी खरं असतं, याची भीती वाटायला हवी होती. ती आता वाटते.

अकोट्याचं तुम्ही एकदाच बोललात. 'ट्रान्स'ची उदाहरणं चालली होती. मी म्हटलं, अकोटा विश्वामित्री नदीपलीकडे, म्हणजे ट्रान्स-विश्वामित्री ना, काका? मुलं हसली. मी आगाऊपणे पुढे विचारलं, "तुमचे अण्णा तिकडे राहतात ना? तुम्ही कधी ट्रान्स जात नाही?" मुलं गेल्यावर सांगितलंत.

तुम्ही रतलामला बदलीवर होतात आणि तुमची आई इथे अण्णांकडे. आजारी आहे एवढंच तुम्हाला ठाऊक. रोज फोन करायचात आणि अण्णा रोज सांगायचे, बरी आहे, सुटी मिळेल तेव्हा ये. सुटी मिळेपर्यंत आई गेली. डॉक्टरांनी अण्णांना तीन आठवडे आधी सांगितलं होतं. तुमची नोकरी, तुमचा स्वभाव, तू धास्ती घेशील, अशी कारणं त्यांनी नंतर दिली. त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्या घराची पायरी चढला नाहीत.

"त्याने खोटं सांगितलं याचा राग नाही मला," तुम्ही म्हणालात. "मला काय पेलेल, ते त्याने ठरवलं याचा आहे."

मी म्हटलं, "पण काका, ते घाबरले असतील."

"घाबरलाच असेल. म्हणून काय?"

"घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही."

"सुचतं गं. त्यालाच जास्त सुचतं."

मला उत्तर द्यायचं होतं, पण काकूंनी हाक मारली आणि वाद तिथेच राहिला. पुढच्या रविवारी बोलू म्हटलं होतं. आपण पुन्हा तो विषय काढला नाही.

मग पावसाळ्यात तुमचा खोकला सुरू झाला, दम लागायला लागला, दवाखाना झाला. तुम्ही घरी आलात त्या दिवशी तुमच्या मुलाचा, मिलिंददादाचा, मला बंगळुरूहून फोन आला. "कोमल, बाबा कागद तुलाच वाचायला देतील. मोतीबिंदूमुळे त्यांना ती बारीक अक्षरं दिसणार नाहीत. तुला कळेल काय लिहिलंय ते, म्हणून आधीच सांगतो. फुप्फुसं आकसत चालली आहेत. वर्षभर तरी काढतील म्हणतात. दिवाळीला मी येतोय, तेव्हा मी स्वतः सांगेन. तोपर्यंत तू सांगू नकोस. प्लीज."

मी हो म्हटलं. वर आले तर काकू दारातच उभ्या होत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "चांगलं वाच गं."

तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. भिंग बाजूला ठेवलंत. "वाच. सगळं वाच. मला सगळं धुरकट दिसतंय."

मी वाचत गेले. तारखा, गोळ्या, एक्स-रे. शेवटून तिसऱ्या ओळीत एक शब्द होता, 'प्रो'ने सुरू होणारा, प्रोग्रेसिव्ह. पाऊल पुढे टाकणारा. पुढे पाऊल टाकत होता तो आजार होता. तो शब्द मी सरळ गाळला. त्याच्या शेजारी इर्रिव्हर्सिबल होता. मला तो दिसला. त्याच्या दारात उभा राहून 'नाही' म्हणणाराही दिसला. काकू स्वयंपाकघरात भांडं न वाजवता उभ्या होत्या. मी म्हटलं, "रिव्हर्सिबल."

"म्हणजे?"

"मागे फिरवता येण्यासारखं, काका. म्हणजे बरं होणारं."

कुठलाही नवा शब्द वाचला की तुम्ही स्पेलिंग विचारायचात. इतक्या रविवारांत एकदाही चुकला नाहीत. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर मला खोटं सांगता आलं नसतं, अक्षरं मला येत होती. तुम्ही विचारलं नाहीत. खिडकीकडे बघत म्हणालात, "म्हणजे जिना चढता येईल."

"कुठला?"

"अण्णाचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजारी पडलो तेव्हापासून डोक्यात आहे, आता पुरे झालं. पण धापा टाकत त्याच्या दारात नाही उभं राहायचं. दम जरा सुधारू दे. दिवाळी झाली की जातो."

मी का विचारलं मला माहीत नाही. "आणि सुधारणार नसतं तर?"

"तर आजच. तूच रिक्षात घालून नेलं असतंस मला. खाली उभा राहून हाक मारली असती, ये रे बाबा खाली, मला काही वर येववत नाही." आणि तुम्ही हसलात, खोकला येईपर्यंत.

तेव्हा सांगायला हवं होतं. कागद माझ्या हातातच होता. मी त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जिन्याचा सराव सुरू केलात. आपल्याच जिन्यावर, संध्याकाळी. मी खाली अभ्यासाला बसलेली असायचे आणि मला वरून तुमचं मोजणं ऐकू यायचं. चार. मग थांबणं. पाच. पहिल्या आठवड्यात पाच, मग सात, एकदा अकरा. अकरा झाल्या त्या दिवशी तुम्ही वरून ओरडलात, "कोमल, अकरा!" आई म्हणाली, "बघ, काका सुधारतायत ने." मलाही क्षणभर वाटलं की कागदच चुकला असेल.

मग नऊ झाल्या. मग सहा. तुम्ही म्हणायचात, आज हवा जड आहे. नवरात्रात एका संध्याकाळी चारवर थांबलात आणि तिथेच पायरीवर बसलात. मी पाणी घेऊन आले. तुम्ही दोन घोट घेतलेत. मग म्हणालात, "तो कागद तू नीट वाचला होतास ना?"

"हो, काका."

पहिल्या वेळी मी तुमच्यासाठी घाबरले होते, असं मी स्वतःला सांगते. या दुसऱ्या वेळी मी फक्त माझ्यासाठी घाबरले होते. कळलं तर तुम्ही माझ्याकडे कसे बघाल, याला. मिलिंददादाने मला हे दुसरं 'हो' सांगितलं नव्हतं, काकूंनीही नाही. ते माझं एकटीचं आहे.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की वर्षभराचा हिशेब सांगणारे डॉक्टरही गप्प झाले. आठ दिवसांत तुम्ही पुन्हा दवाखान्यात आणि तिथून परत आलाच नाहीत.

तेराव्याला अण्णा आले. स्मशानात येऊन गेले होते म्हणे, पण मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तुमच्यासारखेच कान. दिवाळी नुकतीच झालेली, पोळात अजून मध्येच एखादा फटाका वाजत होता आणि प्रत्येक आवाजाला ते दचकत होते. ते जिना चढून आले. मिलिंददादाने हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे."

जेवणं झाली. मी पानं उचलत होते. अण्णांनी विचारलं, "ती वाचणारी मुलगी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं.

"कोमल ना? त्याने फोनवर नाव सांगितलं होतं."

काकू म्हणाल्या, "फोन? कधी?"

"गणपती उठले त्या सुमाराला. तुम्ही देवळात गेला होतात म्हणे. एवढ्या वर्षांनी आवाज ऐकला त्याचा. म्हणाला, अण्णा, दवाखान्यातून आलोय. खालच्या कोमलने कागद वाचला, मागे फिरवता येण्यासारखं आहे म्हणाली. दिवाळी झाली की येतो. तुझे जिने चढून येतो." अण्णा थांबले. "मी म्हटलं, ये. सावकाश ये. घाई नाही."

अण्णा माझ्याकडे वळले.

"कागदात तसं होतं का?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या हातात उष्टी पानं होती. "नाही," मी म्हटलं. "मी अर्धंच वाचलं. बरं होणारं नव्हतं."

मिलिंददादा पुढे आला. "अण्णाकाका, तिचं काही नाही यात. मी सांगितलं होतं तिला."

"तुला नाही विचारलं मी." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मला नुसतं कळलं असतं तर मी आलो असतो. पूल ओलांडला की दहा मिनिटं. मी म्हटलं, घाई नाही. मी म्हटलं गं, घाई नाही." हे ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा त्यांचा आवाज तुमच्यासारखा झाला.

मग विचारलं, "त्याने तुला आमच्या आईचं सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तरी?"

"आणि तरी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता मला खूप बोलतील, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. ते फक्त म्हणाले, "मग तुला कळलं असेल. ठरवून नाही होत ते. तोंडातून जातं." काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी मला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. आपला वाद मी जिंकले की हरले, तेही मला कळलं नाही. तुमचं म्हणणं अजून मला खरं वाटतं. माझंही खोटं वाटत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं, आणि तुम्ही असता तर विचारायची हिंमत झाली नसती.

निघताना अण्णा दारात थांबले. "अकोट्याला ये एकदा. शेवटचे दिवस मला कोणी सांगत नाही. मिलिंद म्हणतो, शांतपणे गेले. तू ये आणि सांग. कसं होतं तसं."

उद्या सकाळी जाणार आहे. रिक्षा नको, चालत जाईन म्हणते, म्हणजे पुलापर्यंत तरी विचार करायला वेळ मिळेल. त्याआधी काकूंकडे वर जाईन, चप्पल पायात ठेवून. त्या दरवाजा उघडतील की नाही माहीत नाही. उघडतील बहुतेक. त्याचीच जास्त भीती वाटते.

अण्णांना काय काय सांगायचं ते मी मनात लावून बघते आहे. जिन्यावरचं मोजणं सांगेन. अकरा सांगेन आणि चारही सांगेन. दुसरं 'हो'सुद्धा सांगेन. एक गोष्ट राहिली आहे, ती मी अजून आईलाही सांगितलेली नाही. ती सांगताना मी पळून जाऊ नये एवढंच मागते, तुमच्याकडेच मागते, दुसऱ्या कुणाकडे मागू?

तुम्ही जायच्या दोन दिवस आधी दुपारी काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या आणि मी तुमच्यापाशी बसले होते. नाकातोंडावर मास्क होता. तुम्ही तो बोटाने जरासा उचललात. मला वाटलं पाणी हवंय.

"दिवाळीला किती दिवस राहिले गं?"

"बारा, काका."

तुम्ही डोळे मिटलेत. श्वास घेतलात, मग अजून एक.

"बारा ना," तुम्ही म्हणालात. "तेवढे काढतो मी."